घोडा कोणाचा? परदेशी लष्करातल्या ‘हेल्पर’च्या नोकरीचा खरा हिशेब

गेल्या पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चहा झाला, उसाच्या बिलाचं बोलणं झालं, आणि वहिनींनी हळूच मोबाइल पुढे केला. “भावजी, एवढं ऐका की. पोरगं आठ दिवस झालं हेच डोक्यात घेऊन बसलंय.” मोबाइलमधून एजंटाचा आवाज आला. सावकाश, गोड, निम्मा मराठी निम्मा हिंदी. रशियात लष्कराच्या गोदामात हेल्परचं काम आहे. माल उतरवायचा, स्वयंपाकाला मदत करायची, बंदुकीला हात लावायचा नाही. महिन्याला दोन लाखांच्या घरात पगार, वर्षभराचा करार, पुढे तिथंच राहायचं कार्ड. आमचा खर्च सव्वातीन लाख, त्यातले निम्मे आजच्या आज.

पोरगा चोवीस वर्षांचा. तीनदा भरतीला उतरला, दोनदा धावण्यात मागे पडला, एकदा मेडिकलला राहिला, आणि मग वयच निघून गेलं. भिंतीवर आजोबांचा फोटो, छातीवर पदकं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात असा फोटो गावोगाव सापडतो. शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. टेंबलाईच्या टेकडीजवळून, रंकाळ्यावरून, विद्यापीठाच्या रस्त्यावरून पहाटे पळणारी पोरं पाहिली की कळतं, वर्दीची ओढ इथं घराघरात मुरलेली आहे. एजंट नेमका त्या ओढीवर बोट ठेवतो.

त्या संध्याकाळी मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर हिशेब मांडला. एका बाजूला जाणारा पैसा, दुसऱ्या बाजूला येणारा, आणि खाली एक प्रश्न: घोडा कोणाचा? हा प्रश्न मी कुठून काढला ते पुढे सांगतो. आधी आकडे.

सव्वातीन लाख म्हणजे नक्की किती

एजंट सांगतो ती रक्कम म्हणजे खर्चाची फक्त सुरुवात. घरात रोख सव्वातीन लाख फार थोड्यांकडे असतात. मग थोडे दागिने तारण, थोडं पतसंस्थेचं कर्ज, थोडे पाहुण्यांकडून, आणि उरलेले खासगी सावकाराकडून टक्क्याने. त्या घराचा बेत असा होता: सव्वा लाख सोनं ठेवून, दोन लाख शेकडा तीनने. शेकडा तीन म्हणजे दोन लाखांवर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. पगार वेळेवर सुरू झाला तर ठीक. सहा महिने पैसे आले नाहीत तर ३६ हजार व्याजातच गेले आणि मुद्दल आहे तिथेच. वर्ष गेलं तर ७२ हजार. घरात कमावता मुलगा नाही, शेतात गडी लावावा लागतो, ती मजुरी वेगळी. कोणताही एजंट हा आकडा सांगत नाही, कारण तो त्याच्या खिशातून जात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि सर्वसाधारणपणे ५० लाखांची बँक हमी द्यावी लागते. अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. तेही पावती देऊन. सव्वातीन लाख म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या नऊपट. पुढे काहीही ऐकण्याआधी एवढा एक आकडा पाठ करा: ३५,४००. त्याच्या वर कोणी मागितले की तिथेच बोलणं थांबवायचं. “व्हिसाचा खर्च वेगळा, तिकडच्या पार्टीला वेगळे” असं तो म्हणेल. मग प्रत्येक रकमेची नावानिशी पावती मागा. सरळ धंदा करणारा पावती देतो. दुसरा निम्मे रोख आणि निम्मे कुणा तिसऱ्याच्याच मोबाइल नंबरवर मागतो. त्या घरी नेमकं तसंच मागितलं होतं.

बाकीचे खर्च फार नाहीत आणि ते तुम्ही स्वतः करू शकता. साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपये, तत्काळ हवा तर २,००० जादा. आपल्याकडे कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालायची गरज राहिलेली नाही. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, ५०० रुपये. या कामांचे पाच-दहा हजार घेणारे दलाल बसस्टँडच्या आसपास भेटतात. त्यांना द्यायचं काही कारण नाही.

गोदामातला हेल्पर खंदकात कसा पोचतो

२०२४ च्या फेब्रुवारीत सुरतचा २३ वर्षांचा एक तरुण युक्रेनच्या आघाडीवर मारला गेला. तो हेल्पर म्हणूनच गेला होता. त्याच सुमारास हैदराबादच्या एका तरुणाच्या मृत्यूची बातमी आली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने दिल्ली, मुंबई, चेन्नई, तिरुवनंतपुरम अशा अनेक शहरांत छापे घातले आणि व्हिसा-सल्ल्याच्या कंपन्या व एजंट यांच्यावर मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवला. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या मॉस्को भेटीत हा विषय निघाला आणि भारतीयांना लष्करातून मोकळं करण्याचं रशियाने मान्य केलं. १७ जानेवारी २०२५ ला परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले: रशियन लष्करात गेलेले १२६ भारतीय, त्यांपैकी ९६ परतले, १२ मारले गेले, १६ जणांचा पत्ता नाही.

हे आकडे जरा थांबून वाचा. १२६ मधले १२ म्हणजे दर दहांत जवळजवळ एक. बेपत्ता धरले तर २८, म्हणजे पाचांत एकाहून जास्त. आपल्या गल्लीतली पाच पोरं एका जीपमध्ये बसवली आणि सांगितलं की यातला एक परत येईलच असं नाही, तर कोणती आई जीप सुटू देईल? आणि आकडे एवढ्यावर थांबलेले नाहीत. त्यानंतरही, २०२५ मध्ये, आणखी भारतीय तिकडे भरती झाल्याचं मंत्रालयाला जाहीरपणे सांगावं लागलं.

या सगळ्यांच्या वाटा बऱ्याचशा सारख्या आहेत. पर्यटकाचा किंवा विद्यार्थ्याचा व्हिसा काढला जातो, कारण कामाचा व्हिसा काढला तर प्रश्न विचारले जातात. तिकडे विमानतळावरच कुणीतरी भेटतो आणि “नोंदणीसाठी” म्हणून पासपोर्ट घेतो. मग रशियन भाषेतला कागद समोर येतो. पोराला अक्षर ओळखता येत नाही. सोबतचा माणूस सांगतो, हेल्परचं आहे, सही कर. तो कागद लष्करी सेवेचा करार असतो. सही झाली की तो त्या सैन्याचा शिपाई. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, हातात रायफल, आणि पुढची गाडी आघाडीकडे.

“एक वर्षाचा करार” या शब्दांवर विसंबून राहू नका. २१ सप्टेंबर २०२२ ला रशियाने अंशतः लष्करभरतीचा हुकूम काढला, त्यात लष्करी करार मुदत संपली तरी चालू राहतील अशी तरतूद आहे. म्हणजे मुदत तुमच्या बाजूने बांधलेली आणि त्यांच्या बाजूने मोकळी. गावाकडच्या भाषेत, गडी वर्षाच्या बोलीवर ठेवला आणि पाडवा आला तरी सोडायचा नाही.

घोडा कोणाचा

आता कॅलेंडरच्या पानावरचा तो प्रश्न. मराठ्यांच्या फौजेत स्वार दोन प्रकारचे असत, हे शाळेत आपण शिकलो आहोत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तो पागेतला माणूस. शिलेदार घोडा आपला आणे, हत्यार आपलं आणे, म्हणून त्याला मोबदला जास्त. शाळेत एवढ्यावर धडा संपतो. खरी गोष्ट मात्र लढाई झाल्यावरची आहे. बारगिराचा घोडा पडला तर पागेचं नुकसान. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचं घर बसलं. म्हणून ऐन लढाईत शिलेदाराचं निम्मं लक्ष घोडा वाचवण्याकडे असे, असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला. सभासदाच्या बखरीत त्या पागेची मांडणी आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस जणांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल मारणारा. माणूस लढायला पाठवायचा तर त्याच्या मागे पाणी कोण नेणार, याचा बंदोबस्त आधी.

हीच कसोटी परदेशी लष्करातल्या नोकरीला लावा. तिकीट कोणाचं? तुमचं. एजंटाचे पैसे कोणाचे? तुमच्या आईचे दागिने. जखम झाली तर भाषा न येणाऱ्या इस्पितळात सोबत कोण? कोणी नाही. पोरगा शिलेदारासारखा सगळं स्वतःच्या खर्चाने घेऊन जातो, आणि शिलेदाराला निदान घोडा वळवून माघारी यायची मुभा होती, तीही याला नसते.

भाडोत्री लढाईचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच इतिहासात आहे, आणि तो पानिपतावर इब्राहिमखान गारद्याने दिलेला नाही. गारदी पैशासाठी आले होते, पण १४ जानेवारी १७६१ ला ते हटले नाहीत. मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतरच्या पिढीची. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन्य नावाचा सावॉयचा सेनानी ठेवून युरोपीय कवायतीच्या पलटणी उभ्या केल्या. होळकरांनीही तसेच गोरे अंमलदार ठेवले. १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांवर चालून गेले तेव्हा दोन्हीकडच्या कवायती पलटणींवर पगारी युरोपीय सेनानी होते. दोन मराठी दरबारांचं भांडण, आणि तोफांच्या मागे कंत्राटदार. द बॉयन्य पुढे आपली सगळी मिळकत घेऊन मायदेशी गेला आणि १८३० मध्ये शांबेरी या आपल्या गावी सुखाने वारला. तिथल्या चौकात आजही त्याचं स्मारक उभं आहे, चार हत्तींचं कारंजं. हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशाची ती खूण.

आणि त्याच पलटणींतल्या साध्या शिपायांचं काय झालं? १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या ब्रिटिश अंमलदारांना नोकरी सोडायला सांगितलं आणि त्यांच्या पगाराची हमी दिली. पुष्कळ जण निघून गेले. मुख्य सेनापती पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीच्या मैदानावर त्या पलटणी बहुतांश आपल्या गोऱ्या अंमलदारांवाचून उभ्या राहिल्या आणि अक्षरशः कापल्या गेल्या. त्यांच्या शौर्याची तारीफ शत्रूच्या सेनापतीने केली. हमी घेऊन अंमलदार निघून गेले, मैदानात मेले ते शिपाई.

म्हणून मी म्हणतो, पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी बघा की संकट आल्यावर हमी कोणाला आहे.

आपल्याच मुलखातला आणखी एक दाखला जाता जाता. सामानगड आणि भुदरगडचे गडकरी १८४४ मध्ये उठले, कारण त्यांची इनामजमीन आणि हक्क यांना हात लागला. गडकऱ्याचा मोबदला गडाखालच्या जमिनीत रुजलेला होता. तो पिढ्यान्‌पिढ्या गड राखत होता कारण गड पडला तर त्याचं शेतही जात होतं. कुणाच्या तरी दूरच्या युद्धात वर्षाच्या करारावर गेलेल्या पोराला त्या मातीत काय राखायचं आहे?

कायद्याच्या कोणत्या दारातून गेलात, यावर सगळं अवलंबून

पुष्कळांना वाटतं, काही गडबड असती तर विमानतळावरच अडवलं असतं. तसं होत नाही, आणि त्याचं कारण आपल्या पोरांना लागू पडणारं आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो आणि अशा माणसाला ठरावीक १८ देशांत कामाला जाताना उत्प्रवास रक्षकाची परवानगी लागते. त्या यादीत सौदी, ओमान, कुवेत, इराक, लिबिया असे देश आहेत. रशिया नाही. आणि आपली बहुतेक पोरं दहावी-बारावी झालेली, म्हणून त्यांना ही चाळणी कुठल्याच देशासाठी लागत नाही. थोडक्यात, कोल्हापूरचा बारावी पास मुलगा पर्यटक म्हणून मॉस्कोला निघाला तर दारात अडवणारं कोणी नाही. चौकशी घरीच करावी लागते.

ती चौकशी फुकट आहे आणि दहा मिनिटांची आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ईमायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि परवान्याची मुदत. एजंटाकडून क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला परवान्याचा फोटो पुरावा धरू नका. नाव यादीत आहे पण मुदत संपली आहे, किंवा “मी त्यांचा सब-एजंट” असं तो म्हणतो, तर तिथेही पैसे देऊ नका. तिथेच बेकायदा एजंटांचीही यादी असते, ती उघडून बघा. शंका राहिली तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात उत्प्रवास रक्षकाचं कार्यालय आहे.

दुसरी गोष्ट शिक्षेची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३ प्रमाणे, भारताशी शांततेचे संबंध असलेल्या कोणत्याही परदेशी सरकारविरुद्ध युद्ध करणं हा गुन्हा आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. जुन्या कायद्यात हे फक्त आशियाई सत्तांपुरतं होतं, नव्याने ते सगळ्या जगाला लागू केलं. फसवून नेलेल्या मुलांना सरकारने आजवर पीडित म्हणूनच वागवलं आहे, हे खरं आणि योग्यही. पण सगळं माहीत असून, पैशासाठी स्वतःहून गेलेल्याने त्या सहानुभूतीवर भरवसा ठेवू नये. १८७४ चा परदेशी भरती कायदाही अजून पुस्तकात आहे. त्याखाली इथून परदेशी सैन्यासाठी भरती करण्यावर केंद्र सरकार बंदी घालू शकतं.

आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘भाडोत्री सैनिक’ या शब्दाची व्याख्या फार अरुंद आहे. १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराच्या कलम ४७ प्रमाणे भाडोत्र्याला युद्धकैद्याचा हक्क मिळत नाही, पण त्या देशाच्या सैन्यात रीतसर भरती झालेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. एजंट याचाच उपयोग करतात. “तू भाडोत्री नाहीस, तू तर सैन्याचा नोकर.” कागदावर ते खरं असेल. समोरून येणारा ड्रोन कागद वाचत नाही, आणि विमा कंपनी मात्र वाचते. अपघात विम्याच्या अटींत युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती बहुतेक वेळा वगळलेली असते. तुमची पॉलिसी काढा आणि अपवादांचं पान वाचा. त्या घरी आम्ही ते पान वाचलं तेव्हा पोराच्या वडिलांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. काही बोलले नाहीत.

आखाती देशांत सरळ कामाला जाणाऱ्यांसाठी सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे: दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. ईसीआर वाटेने जाणाऱ्याला ती घ्यावीच लागते. २७५ रुपयांत १० लाख एकीकडे, आणि सव्वातीन लाख भरून शून्य दुसरीकडे. कोणतं दार खरं आहे ते यावरून कळावं.

मग वर्दीच हवी असेल तर

हा भाग मी मुद्दाम लिहितोय, कारण ‘जाऊ नको’ म्हणून पोराची ओढ संपत नाही. आपल्या सैन्याची भरती फुकटासारखी आहे. अग्निवीर ऑनलाइन परीक्षेचं शुल्क २५० रुपये. त्यापुढे कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. “सेटिंग आहे” म्हणणारा दलाल आणि रशियाचा एजंट एकाच माळेचे मणी.

पहिल्या वर्षी पगार ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीत जातात आणि हातात २१ हजार येतात. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८ हजार. चार वर्षांत हातात येणारी रक्कम साधारण ११ लाख ७० हजार, आणि शेवटी सेवानिधीचे सरकारचा वाटा व व्याज धरून जवळपास तेवढेच. म्हणजे २३ लाखांच्या आसपास. अग्निवीर सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो, त्यासाठी त्याच्या पगारातून काही कापत नाहीत. कर्तव्यावर मृत्यू आला तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान वेगळं. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात, ही यातली खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण इथं घोडा सरकारचा आहे.

वय निघून गेलेल्यांना वाटा कमी, पण आहेत. राज्य पोलीस, राखीव पोलीस दल, महाराष्ट्र सुरक्षा बल. नोकरी-धंदा सांभाळून वर्दी घालायची असेल तर प्रादेशिक सेना. टेंबलाईवर मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक बटालियन आपल्याच गावात आहे. तिथली जाहिरात आणि वयाची अट स्वतः जाऊन बघा, अकादमीवाल्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. भरतीपूर्व अकादमीत पोराला घालायचंच असेल तर वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची पावती घ्या, आणि राहण्या-खाण्याचा खर्च फीच्या बाहेर किती ते आधी लिहून मागा.

माजी सैनिकांसाठी एक वेगळा शब्द. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेल्या जवानाला परदेशात ‘सिक्युरिटी’, जहाजावरचा सशस्त्र पहारा, इराकमधलं संरक्षणाचं काम असे फोन येतात. यातली काही कामं खरी आहेत. पण हत्यार आलं की देशोदेशीचे कायदे आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सीमॅन गार्ड ओहायो’ नावाचं पहारेकऱ्यांचं जहाज तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ पकडलं गेलं. त्यावर ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि भारतीयही होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं ते नोव्हेंबर २०१७ मध्ये. निर्दोष सुटायला चार वर्षं लागली. परक्या देशात आपल्या माणसाचं हेच होऊ शकतं. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, नाव नोंदवा. तिथला पगार परदेशापेक्षा कमी दिसेल. पण तिथे कोणी पासपोर्ट मागत नाही.

पैसे दिले असतील, किंवा पोरगा गेला असेल तर

पैसे दिले पण पोरगा अजून घरी आहे, तर पासपोर्ट आधी ताब्यात घ्या. कायद्याने पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटाला तो गहाण ठेवून घेण्याचा हक्क नाही. मोबाइलमधले आवाजाचे संदेश, पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट, बँकेच्या नोंदी, एजंटाचे सगळे नंबर दुसऱ्या फोनवर आणि एका ईमेलवर पाठवून ठेवा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. लाज वाटते म्हणून घरं गप्प बसतात. तुम्ही गप्प बसलात की एजंट पुढच्या गावात जातो.

पोरगा तिकडे पोचला असेल तर वेळ फार महत्त्वाचा आहे. सही झालेली नसेल तर त्याला एवढंच सांगा: न समजणाऱ्या भाषेतल्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही आणि मॉस्कोतल्या भारतीय दूतावासात जायचं. सही झाली असेल तरी दूतावासाला कळवायचंच, कारण आजवर जे परतले ते सरकारने एकेकाचं नाव रशियाकडे मांडल्यावर परतले. घरून ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११-३०९० आहे. आपल्या खासदारांच्या कार्यालयात तक्रारीची प्रत द्या. अडचणीत सापडलेल्या भारतीयांना परत आणण्यासाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये, हाच त्याचा उद्देश. मात्र “मी माझ्या ओळखीने सोडवून आणतो, आणखी दोन लाख द्या” म्हणणारा माणूस हमखास येतो, आणि पुष्कळदा तो पहिल्याच टोळीतला असतो.

तक्रार नोंदवताना हे हाताशी ठेवा: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो, व्हिसाची प्रत, पोराचा तिकडचा शेवटचा फोन कधी आला ती तारीख आणि वेळ, त्याने सांगितलेलं गावाचं किंवा तळाचं नाव चुकतमाकत का होईना, करारावरचा क्रमांक दिसत असेल तर तो, गणवेशावर काही बिल्ला असेल तर त्याचा फोटो. ‘मदद’वर नोंदणीचा क्रमांक मिळतो. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे रात्री फोन आला तरी घरातल्या कुणालाही सांगता येईल.

शिरोळच्या त्या घरात हा क्रमांक लिहायची वेळ आली नाही. हिशेब बघून झाल्यावर वहिनी उठल्या, कपाटातून पासपोर्ट काढला, आणि ज्वारीच्या डब्यात खाली घालून वरून ज्वारी ओतली. पोरगा बघत होता. मग तो म्हणाला, “आई, पोलीस भरतीला वय दाखवायला लागंल की तो.” वहिनी म्हणाल्या, “तवा काढू.”